टाकी ते शेवटचा नळ: गावच्या पाणीयोजनेत गंज आणि क्लोरीन कसे सांभाळावे

टाकीवर तपासले तर पाणी स्वच्छ असते. तेच पाणी गावाच्या टोकाच्या घरात लालसर येते, त्याला लोखंडाचा वास असतो आणि क्लोरीन तपासणारे ओटीचे (ऑर्थोटोलिडीन) थेंब टाकले तर पिवळा रंग चढत नाही. मधल्या दोन-तीन किलोमीटरच्या नळात पाण्याचे काहीतरी झालेले असते. शुद्धीकरण टाकीवर संपते असे धरून आपण चालतो, पण नळ म्हणजे काही कोरडी नळी नव्हे. पाणी नळाचे लोखंड, जस्त, सिमेंट विरघळवते, नळ पाण्यातले क्लोरीन खातो आणि गंजाच्या गाठींत जिवाणू घर करतात. गंज आणि क्लोरीन ही म्हणून दोन वेगळी कामे नाहीत. हे लिखाण ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी, जलसुरक्षक, पाणी समितीचे सदस्य आणि छोट्या नगरपंचायतींचे अभियंते यांच्यासाठी आहे. हिशेबाची सगळी उदाहरणे ५०,००० लिटरच्या टाकीची आहेत. आपल्या टाकीच्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

पाणी नळ खाते की नळात थर धरते

हे कळल्याशिवाय पुढचा एकही निर्णय घेऊ नका. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातून पाझरलेले विहिरी-झऱ्यांचे पाणी बहुधा मऊ, थोडे आंबट आणि कमी क्षारांचे असते. चवीला ते उत्तम, पण लोखंड, जस्त आणि सिमेंट तिन्ही खाणारे. देशावर आणि मराठवाड्यात काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी जड असते. ते नळात पांढरा थर धरते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले पाणी तिसऱ्याच जातीचे. ते क्षारांनी भरलेले असूनही नळ कुजवते, कारण त्यात क्लोराइड फार असते.

प्रयोगशाळेच्या अहवालातून पाच आकडे काढा: पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कॅल्शियम जडपणा, अल्कता (आम्ल रिचवण्याची पाण्याची ताकद) आणि पाण्याचे तापमान. जडपणा आणि अल्कता दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, दर लिटरला मिलिग्रॅममध्ये हवेत. पीएच मात्र उद्भवावरच, बाटली भरल्याबरोबर मोजा. विहिरीच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो उडून जातो आणि ६.३ चा पीएच अहवालात ६.९ होऊन येतो. अशा अहवालावर विसंबले तर खाणारे पाणी निरुपद्रवी वाटते.

आता लँगेलियर निर्देशांक काढा. तो उणे आला तर पाणी नळ खाते, अधिक आला तर थर धरते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये लॉगचे बटण असते, तेवढे पुरते.

अ = (लॉग टीडीएस − १) ÷ १०
ब = ३४.५५ − १३.१२ × लॉग (तापमान + २७३)
क = लॉग कॅल्शियम जडपणा − ०.४
ड = लॉग अल्कता
संपृक्त पीएच = (९.३ + अ + ब) − (क + ड)
निर्देशांक = मोजलेला पीएच − संपृक्त पीएच

आपल्याकडे पाण्याचे तापमान २७ अंशांच्या आसपास धरले तर ब नेहमी २.०५ येतो. जांभ्यातल्या विहिरीचे नमुनेदार आकडे घ्या: पीएच ६.४, टीडीएस ६०, कॅल्शियम जडपणा २०, अल्कता २४. संपृक्त पीएच ९.१५ येतो आणि निर्देशांक उणे २.७५. हे पाणी नळाला अक्षरशः पोखरते. बोअरचे पाणी घ्या: पीएच ७.८, टीडीएस ९००, जडपणा २२०, अल्कता ३२०. संपृक्त पीएच ७.१, निर्देशांक अधिक ०.७. हे थर धरणारे पाणी. उणे ०.३ ते अधिक ०.३ मध्ये राहिलात तर नळाच्या आत पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच नळाचे रक्षण करतो. अगदी शून्यावर आणण्याचा हट्ट नको.

खारपाणपट्ट्यात आणि खाडीकाठी हा निर्देशांक फसवतो. तिथे दुसरा हिशेब करा: क्लोराइडला ३५.५ ने भागा, सल्फेटला ४८ ने भागा, दोन्हींची बेरीज करा आणि तिला अल्कता भागिले ५० ने भागा. क्लोराइड १४०, सल्फेट ४८, अल्कता २०० असेल तर उत्तर सुमारे १.२ येते. ०.५ च्या आत असावे. १ च्या पुढे लोखंडी नळात खड्डे पडतात, मग लँगेलियर अधिक असला तरी. अशा गावात चुना घालून काही साधत नाही. लोखंडी नळ काढून प्लास्टिकचा टाकणे हाच उपाय.

जमिनीखाली नेमके काय आहे

अनेक गावांत कोणता नळ कुठे आहे याचा नकाशा नसतो, जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतो. तो निवृत्त होण्याआधी त्याच्यासोबत गाव फिरा आणि कागदावर उतरवा: नळाचा प्रकार, व्यास, टाकल्याचे साल, व्हॉल्व्ह, वॉशआउट (नळातला गाळ बाहेर सोडण्याची तोंडे), गटार ओलांडण्याच्या जागा. दुरुस्तीसाठी खड्डा खणला की नळाचा कापलेला तुकडा फेकू नका. त्यावर जागा आणि तारीख लिहून तो कार्यालयात ठेवा. आतल्या थराची जाडी, गाठी, चाकूने खरवडल्यावर खाली दिसणारा धातू, यांतून जे कळते ते कोणत्याही अहवालातून कळत नाही.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, नळाचा मुलामा मऊ पाण्यात आधी जातो, मग लोखंड उघडे पडते. आटे पाडताना मुलामा कापला जातो, त्यामुळे गळती जवळजवळ नेहमी सॉकेट-एल्बोच्या आट्यांपासून सुरू होते. नवे जीआय घेताना पट्टीचा रंग पाहा: पिवळी पट्टी हलका वर्ग, निळी मध्यम, लाल भारी. जमिनीखाली पिवळी पट्टी घालू नये. डीआय, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाच्या, नळाला आत सिमेंटचा लेप असतो; तो लोखंडाला वाचवतो, पण अति मऊ पाणी त्यातलाही चुना ओढून घेते. जुन्या एसी, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या, नळांचे तेच होते. आतून मऊ पडलेला एसी नळ दाब वाढला की फुटतो. त्याचा तुकडा कापताना सुकी कटर चालवू नका, धूळ फुप्फुसाला घातक असते. ओला करून हातकरवतीने कापा, तोंडाला नीट मास्क बांधा.

पीव्हीसी आणि एचडीपीई गंजत नाहीत, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण प्लास्टिकच्या योजनेतही घराची जोडणी बऱ्याचदा जीआयची असते, फेरूल (मुख्य नळाला घरजोडणी जोडणारा तुकडा) पितळी आणि व्हॉल्व्ह ओतीव लोखंडाचे असतात. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगे स्थिरकारक म्हणून घातली जात. केंद्राने २०२१ मध्ये त्याविरुद्ध नियम केले. नवा नळ घेताना आयएस ४९८५ चा ठसा आणि शिसेमुक्त असल्याचा उल्लेख पाहूनच घ्या. आट्यांना सुतळी आणि सफेदा लावण्याची सवयही सोडायला हवी. सफेद्यात शिसे असू शकते आणि सुतळी पाण्यात कुजून जिवाणूंना खाद्य होते. टेफ्लॉन टेप वापरा.

बाहेरून होणारा गंज विसरू नका. काळ्या मातीत लोखंडी नळ बाहेरून लवकर जातो, आणि ती माती उन्हाळ्यात भेगाळून पावसाळ्यात फुगते त्यात प्लास्टिकचेही सांधे निसटतात. नळाखाली आणि सभोवती चार बोटे वाळू किंवा बारीक मुरूम घाला. सगळ्यांत धोक्याची जागा गटारातून जाणाऱ्या घरजोडण्यांची. हवा आणि सांडपाणी जिथे मिळते त्या रेषेवर जीआय कापल्यासारखा झिजतो. पुरवठा बंद झाला की रिकाम्या नळात पोकळी तयार होते आणि गटाराचे पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाते. एखाद्या घराने थेट नळाला मोटार लावली असेल तर पुरवठा चालू असतानाही हेच घडते. गटार ओलांडणारी प्रत्येक जोडणी एचडीपीईची करा, मोठ्या नळाच्या म्यानातून न्या आणि शक्य तिथे गटाराच्या वरून घ्या. पैसे थोडेच असतील तर ते आधी इथे घाला.

रंगावरून निदान

सकाळी पहिले दोन-तीन मिनिटे लाल आणि नंतर स्वच्छ: घरातली किंवा घरजोडणीची जीआय नळी. दिवसभर, पूर्ण गल्लीला लाल: मुख्य नळ. बाहेर पडताना काचेसारखे स्वच्छ, पण बादलीत तासाभराने चहासारखे: उद्भवातच विरघळलेले लोह आहे, नळाचा दोष नाही. त्यासाठी पाणी हवेत पायऱ्यांवरून पाडून मग वाळूच्या गाळणीतून काढावे लागते. काळे कण बहुधा मँगनीजचे. काळे पाणी आणि कुजक्या अंड्याचा वास असेल तर नळाच्या मृत टोकात, म्हणजे जिथून पाणी पुढे जात नाही तिथे, सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढले आहेत. दुधासारखे पाणी पेल्यात खालून वर स्वच्छ होत गेले तर ती फक्त हवा. एअर व्हॉल्व्ह तपासा. तेच खाली साका धरत असेल तर जस्त किंवा चुना. नळाखालच्या फरशीवर हिरवे-निळे डाग दिसले तर पाणी तांबे-पितळ खात आहे.

एकाच नळावरून दोन बाटल्या

गंजाचा नमुना आणि जिवाणूंचा नमुना घेण्याच्या पद्धती एकमेकींच्या उलट आहेत, आणि तिथेच बहुतेक नमुने वाया जातात.

गंजासाठी पहिली धार हवी. नळ निदान सहा तास बंद असावा, म्हणजे पहाटेचा. एक लिटरची स्वच्छ बाटली नळाखाली धरूनच नळ उघडा, एक थेंबही आधी वाहू देऊ नका. यात लोह, जस्त आणि शिसे तपासायला सांगा. मग तीन मिनिटे वाहू देऊन दुसरी बाटली भरा. पहिलीत धातू खूप आणि दुसरीत थोडे असतील तर दोष घरच्या नळीत. दोन्हींत सारखे असतील तर दोष रस्त्यातल्या नळात किंवा उद्भवात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) लोह लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. शिशाला सवलतीची वरची मर्यादा नाही.

जिवाणूंसाठी नळाचे तोंड पुसा, धातूचा असेल तर ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटे वाहू द्या आणि मग निर्जंतुक बाटलीत घ्या. बाटलीचे झाकण जमिनीवर ठेवू नका, बाटली आतून विसळू नका. प्रयोगशाळेच्या बाटलीत क्लोरीन मारणारे रसायन मुद्दाम घातलेले असते. विसळले की ते गेले. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. जल जीवन मिशनमध्ये रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, अशी पद्धत आहे. हे किमान समजा. गावात एफटीके (जागेवर पाणी तपासण्याचा) संच आणि तो वापरायला शिकलेल्या महिला असतील तर त्यांच्याकडून दर महिन्याला शेवटच्या नळाचा पीएच, लोह आणि क्लोरीन नोंदवून घ्या.

क्लोरीनची घट म्हणजे नळाचा अहवाल

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर नवी असते तेव्हा तिच्यात क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असते. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की झपाट्याने घटते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देऊन टक्का काढून घ्या. पोते जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा. मोटारीच्या किंवा पॅनेलच्या खोलीत तर मुळीच नको. क्लोरीनच्या वाफा तांब्याच्या तारा आणि स्टार्टरचे संपर्कबिंदू खाऊन टाकतात.

मात्रेचे सूत्र: टाकीतले लिटर × हवी ती मात्रा ÷ (टक्का × १०) = ग्रॅम पावडर. ५०,००० लिटर, २ मिलिग्रॅम मात्रा, २५ टक्क्यांची पावडर: ४०० ग्रॅम. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्याने घोटून लापशी करा, पाणी वाढवा, तासभर निवळू द्या आणि वरचे स्वच्छ पाणीच टाकीत सोडा. खालचा साका टाकीत गेला तर तळाशी गाळ होतो आणि थर धरणाऱ्या पाण्यात आणखी भर पडते. टाकी भरत असतानाच, पडत्या धारेत सोडा, म्हणजे मिसळते. अर्धा तास थांबल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका.

ओटीत पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांत पाहा. तो मुक्त क्लोरीनचा. नंतर गडद होत जाणारा रंग अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याची मारक शक्ती फार कमी. जमेल तिथे ओटी सोडून डीपीडी गोळ्या वापरा. ओटीचे रसायन विषारी आहे, हाताला लागू देऊ नये आणि तपासलेले पाणी प्यायच्या भांड्यात परत ओतू नये.

शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवे. साथीच्या काळात ०.५. पण एकट्या शेवटच्या आकड्यावर थांबू नका. टाकीचा निर्गम, गावाचा पहिला चौक, मध्य आणि टोक अशा चार जागी एकाच पुरवठ्यात मोजा. टाकीवर ०.८ आणि टोकाला ०.४ असेल तर नळ ठीक आहे. ०.८, ०.७, ०.१, शून्य असे आले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेच्या मध्ये काहीतरी क्लोरीन खात आहे: गंजाच्या गाठी, गाळ, किंवा आत येणारे सांडपाणी. १ मिलिग्रॅम विरघळलेले लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खाते, मँगनीज त्याच्या दुप्पट. सांडपाण्यातला अमोनिया तर दहापटीच्या आसपास खातो. त्या टप्प्यात लाल रंगही असेल तर गंज. रंग नसताना क्लोरीन एकदम शून्यावर आले तर ती गळतीची आणि गटाराची शंका. त्याच दिवशी जिवाणूंचा नमुना घ्या, गळती सापडेपर्यंत लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा. अशा वेळी नुसती पावडर वाढवत जाण्याचा मोह होतो. त्याने टाकीजवळच्या घरांना उग्र वासाचे पाणी मिळते आणि टोकाला तरीही शून्यच राहते.

टीसीएलची ठिबक यंत्रणा जड पाण्यात चुन्याने तुंबते. नळी काढून बाहेर, मोकळ्या हवेत, व्हिनेगरमध्ये भिजवा, भरपूर पाण्याने धुवा आणि मगच परत बसवा. पावडर असलेल्या भांड्यात आम्ल कधीही ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

खाणाऱ्या पाण्याला शांत करणे

मऊ, आंबट पाण्यासाठी दोन मार्ग आहेत. गावपातळीवर पहिला मार्ग नि:संशय चांगला: चुनखडीचा थर. संगमरवराची किंवा शुद्ध चुनखडीची ३ ते ६ मिलिमीटरची खडी टाकीत भरायची आणि पाणी खालून वर जाऊ द्यायचे. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड दगड विरघळवतो, पाण्याची अल्कता आणि जडपणा वाढतो, पीएच चढतो. आम्लपणा संपला की विरघळणे जवळजवळ थांबते, म्हणून मात्रा चुकण्याची भीती फारशी नाही. वीज लागत नाही, रोजची मोजदाद नाही.

मापे अशी: पंप तासाला १०,००० लिटर देत असेल तर २० मिनिटांच्या संपर्कासाठी सुमारे ३.३ घनमीटर थर हवा. २ मीटर लांब, १.७ मीटर रुंद, १ मीटर जाड. खडी साधारण ५ टन. वरच्या उदाहरणातल्या कोकणच्या पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड लिटरला १९ मिलिग्रॅमच्या घरात असतो. त्यातला १५ मिलिग्रॅम वापरला गेला तर ३४ मिलिग्रॅम दगड विरघळतो, अल्कता २४ वरून ५८ वर जाते. ५०,००० लिटरला रोज १.७ किलो, वर्षाला सहाशे किलोंच्या थोडे वर. थर दहा टक्के खाली गेला की भर घाला.

चुका ठराविक होतात. खडी न धुता भरली तर पहिले काही दिवस पाणी दुधाळ येते आणि पीएचही वर जातो. तेवढे पाणी बाहेर सोडा. या थराच्या आधी पाणी हवेत पाडले तर दगड विरघळवणारा वायूच उडून जातो, पीएच थोडा वाढतो पण अल्कता वाढत नाही. गढूळ पाणी थेट थरावर घेतले, किंवा तुरटीचा साका आणि लोह त्यावर बसू दिले, तर दगडावर कवच चढते आणि तो काम करणे सोडतो. म्हणून थर गाळणीच्या नंतर आणि क्लोरीनच्या आधी. महिन्यातून एकदा उलट धुलाई हवीच.

दुसरा मार्ग चुन्याचा. इथे आधी पाणी पायऱ्यांवरून पाडणे फायद्याचे, चुना कमी लागतो. १ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइडला ०.८४ मिलिग्रॅम शुद्ध भिजवलेला चुना लागतो. १५ मिलिग्रॅम घालवायचे तर १२.६ मिलिग्रॅम, ८० टक्के शुद्धतेचा चुना असेल तर ५०,००० लिटरला सुमारे ८०० ग्रॅम. पाणी ७.३ च्या आसपास येते. चुन्याचे दूध ओतण्यापेक्षा चुन्याची निवळ वापरा. ५०० लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत जास्तीचा चुना घोटून रात्रभर ठेवा. वरच्या स्वच्छ निवळीत लिटरला सुमारे १.६ ग्रॅम चुना असतो, त्याहून जास्त विरघळत नाही. वरच्या मात्रेसाठी साधारण ४०० लिटर निवळ पुरते. रंगाऱ्याचा चुना घेऊ नका, पाण्याच्या शुद्धीकरणासाठी विकला जाणारा प्रमाणित चुनाच घ्या.

पीएच ७.५ च्या पुढे न्यायची घाई नको आणि ८.५ कधीच ओलांडू नका. ७.५ ला मुक्त क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोमदार मारक रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा. चुना वाढवला तर क्लोरीनचा संपर्ककाळ अर्ध्या तासाऐवजी तासभर धरा.

पावसाळ्यात तुरटीचा प्रश्न वेगळा उभा राहतो. १ मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते. अल्कता २४ असलेल्या नदीच्या पाण्यात ३० मिलिग्रॅम तुरटी टाकली की ९ उरते. पीएच कोसळतो, साका धरत नाही, कर्मचारी आणखी तुरटी घालतो आणि पाणी आणखी बिघडते. नळात लाल पाणी जुलैमध्येच का येते, याचे कारण बऱ्याचदा इथे असते. अशा पाण्यात तुरटीच्या आधी चुना द्या, किंवा पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरा. ते अल्कता कमी खाते.

मोठ्या नगरपंचायतीला फॉस्फेटचा विचार करता येतो. लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ऑर्थोफॉस्फेट नळाच्या आत संरक्षक थर धरते. पण रोज, न चुकता, मोजून द्यावे लागते. ज्या योजनेत टीसीएल वेळेवर पडत नाही तिथे त्याच्या मागे लागू नये.

उपाय लागू पडला का हे पाहायला पोलादाची पट्टी टांगा. ७५ × १२ × १.५ मिलिमीटरची, घासून, वाळवून, मिलिग्रॅमपर्यंत वजन केलेली पट्टी टाकीच्या निर्गमात नायलॉनच्या दोरीने ९० दिवस ठेवा. काढून लिंबाच्या सत्त्वाच्या कोमट द्रावणात गंज सोडवा, वाळवा, पुन्हा वजन करा. ४०० मिलिग्रॅम घट म्हणजे वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज. ती जास्त आहे. निम्म्यावर आणायचे लक्ष्य धरा. वजन तालुक्याच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत करता येते.

नळ धुणे

वॉशआउट उघडून पाणी सोडणे म्हणजे नळ धुणे नव्हे. गाळ उचलायला सेकंदाला निदान १ मीटर वेग हवा. २०० लिटरचा ड्रम आतून ८० मिलिमीटर व्यासाच्या नळावर ४० सेकंदांत, १०० मिलिमीटरवर २५ सेकंदांत आणि १५० मिलिमीटरवर ११ सेकंदांत भरला पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून सगळे पाणी एकाच नळात आणा. टाकीकडून टोकाकडे एकेक टप्पा घ्या, उलट दिशेने कधीच नको, नाहीतर धुतलेल्या नळात मागचा गाळ जातो. पाणी स्वच्छ झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. १०० मिलिमीटरच्या एक किलोमीटर नळात ७,८५० लिटर मावतात. त्यावरून किती पाणी लागेल ते आधी काढा. व्हॉल्व्ह सावकाश बंद करा, जुना गंजलेला नळ आघाताने फुटतो. आदल्या दिवशी दवंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, त्या वेळेत कोणी पाणी भरू नये. मृत टोके दर महिन्याला, बाकीचे जाळे पावसाळ्याआधी आणि नंतर धुवा.

दुरुस्तीनंतर हेच, वर निर्जंतुकीकरण. नवे तुकडे आणि सांधे १ टक्का क्लोरीनच्या द्रावणाने पुसा, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर लिटरला ४० ग्रॅम. खड्ड्यातले पाणी नळाच्या तोंडाखाली राहील इतके उपसल्याशिवाय नळ कापू नका. नवा टप्पा लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवा. १०० मिलिमीटरच्या किलोमीटरला २५ टक्क्यांची सुमारे १.६ किलो पावडर लागते. सकाळी हे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, मासे मरतात. मोकळ्या जमिनीवर सोडा, मग साधे पाणी वाहू द्या आणि क्लोरीन नेहमीच्या पातळीला आल्यावर जिवाणूंचा नमुना घ्या.

टाकी दर तीन महिन्यांनी धुवा आणि तारीख भिंतीवर रंगवा. आत उतरताना झाकणे आधीच उघडी ठेवा, एकटा माणूस कधीही उतरू नये. आतली लोखंडी शिडी पाण्याच्या वर सर्वांत जास्त गंजते, कारण तिथे क्लोरीनच्या वाफा साचतात. तिच्यावर पाय देण्याआधी हातोडीने ठोकून पाहा. बदलायची झाली तर स्टेनलेस स्टीलची घ्या.

उद्भव बदलताना

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. आधीच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट होते, नव्यात घातले नाही आणि क्लोराइडही जास्त होते. वर्षानुवर्षे बसलेला थर सुटला, जुन्या जोडण्यांतले शिसे नळाला उतरले, मुलांच्या रक्तात सापडले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा जुन्या पाण्यावर गेले.

आपल्याकडे उद्भव दर उन्हाळ्यात बदलतो: विहीर आटली की बोअर, बोअर आटला की टँकर किंवा धरणाची प्रादेशिक योजना. एका पाण्यात जमलेला थर दुसऱ्या पाण्यात सुटतो, म्हणून बदलानंतरचे पहिले दोन आठवडे लाल पाण्याचे आणि क्लोरीन गायब होण्याचे असतात. बदल करण्याआधी नव्या पाण्याचा लँगेलियर आणि क्लोराइडचा हिशेब काढा. शक्य असेल तर एकदम न बदलता पहिले काही दिवस दोन्ही पाणी टाकीत मिसळून द्या आणि नव्याचा वाटा हळूहळू वाढवा. बदलाच्या आदल्या आठवड्यात नळ धुऊन घ्या. बदलानंतर चौदा दिवस चारही जागी रोज क्लोरीन मोजा, टोकाच्या दोन घरांतून पहिल्या धारेचे नमुने लोह आणि शिशासाठी पाठवा. अहवाल येईपर्यंत लहान मुले असलेल्या घरांना, अंगणवाडीला आणि शाळेला सांगा: सकाळी नळ तीन मिनिटे वाहू द्यावा, ते पाणी भांडी-झाडांना वापरावे आणि पिण्याचे, दूध-पेजेचे पाणी त्यानंतर भरावे.